त्या एकीपुरतं ग्रहण

“ग्रहणाचं हाय ना, मग ते त्या एकीपुरतंच. मोठीला काय नाय.”

स्वयंपाकघराच्या दाराआड चहाचा ट्रे धरून मी उभी होते, तेव्हा हे कानावर पडलं. बाहेर ओटीवर रोह्याहून मला बघायला आलेली माणसं बसली होती. हे बोलणारी बाई पुढे माझी सासू झाली. ती वाईट काही बोलली नव्हती. उलट तिच्या त्या एका वाक्यानं माझं लग्न जुळलं. ट्रेमधले कप किणकिणत होते आणि मी – मला स्पष्ट आठवतं – सुटल्यासारखा श्वास सोडला.

त्या श्वासापासूनच सुरुवात करायला हवी. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. मैत्रिणींना नाही, नवऱ्याला नाही. मी मुळात कमी बोलते. लोक त्याला लाजाळूपणा म्हणतात आणि मी म्हणू देते. कमी बोलणाऱ्या माणसानं काय काय गिळलेलं असतं, ते कोण विचारायला जातं?

आमचं घर गडबला, हायवेपासून थोडं आत. मागे भातशेती, तिच्याही मागे खाडीचा बांध. बाबा डोलवीला कंपनीत कंत्राटावर होते, शिफ्टप्रमाणे जायचे-यायचे. कंपनीतल्या साहेबांची इंग्रजी ऐकून त्यांनी ठरवलं होतं की मुलीला इंग्लिश मीडियमला घालायचं. म्हणून मी पेणला व्हॅननं शाळेत जायचे. धाकटी सोनल मात्र गावच्याच शाळेत. ती सारखी आजारी पडायची, तिला लांब कसं पाठवणार?

सोनल माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण दिसायची आठ वर्षांनी लहान. अंगानं चिमणी. पाठीवर आणि पोटावर दुधाच्या चहाच्या रंगाचे डाग. आणि उजव्या हाताचा अंगठा – तो नावालाच होता, तळव्याच्या कडेला बारीकसा लोंबणारा. ती पेन दोन बोटांच्या बेचक्यात धरून लिहायची, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहायची. “मला शिकायलाच लागतंय,” असं ती सगळ्यांना सांगायची. “कागदावर अंगठा लावायची सोय नाय देवानं ठेवली.” माणसं हसायची. आई हसायची नाही.

आईच्या न हसण्याची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. सोनल पोटात असताना एका सकाळी सूर्यग्रहण होतं. भात कापणीला आलेलं, पण शेतात कुणी गेलं नव्हतं. दारं लावून सगळे घरात. पोटुशी बाईनं ग्रहणात काही कापू नये, चिरू नये, अंग खाजवू नये, सरळ पडून राहावं – आजीनं आईला बजावून ठेवलं होतं. पण त्या सकाळी एक मूल भुकेनं रडत होतं. ग्रहण सुटेपर्यंत खायचं नाही, हे त्याला कळत नव्हतं. ते रडतच राहिलं, तेव्हा आई उठली, विळी घेतली आणि एका काकडीच्या चार फोडी केल्या.

ते मूल म्हणजे मी.

आईनं हे लपवलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण सोनल जन्मली, सुईणीनं तिची मूठ उघडून दाखवली, आणि आईनंच घाबरून काकडीचं सांगून टाकलं. त्या दिवसापासून तो अंगठा आईनं कापलेला ठरला. डागांचंही ठरलं – ग्रहणात अंग खाजवलं असणार. आजी, म्हणजे बाबांची आई, ही आईची सख्खी आत्या. बाबांनी मामाची मुलगी केलेली. घरातली लेक घरात आली म्हणून लग्नात सगळे खूश होते म्हणे. तीच आत्या नंतर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “माझ्या भावाची पोर, म्हणून गप बसते. दुसरी असती तर दाखवलं असतं.” गप ती कधीच बसली नाही.

आणि माझ्यावर कुणी बोट ठेवलं नाही. चार वर्षांच्या पोरीला भूक लागली, यात तिचा काय दोष? आईनंही मला कधी बोल लावला नाही. मला वाटतं, तिला तसं सुचलंसुद्धा नाही.

सोनल बारावीत गेली तेव्हा तिचं रक्त कमी व्हायला लागलं. आधी दम लागायचा. मग हिरड्यांतून रक्त, मग कुठे नुसतं आपटलं तरी काळंनिळं. पेणच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पुन्हा तपासलं आणि आम्हाला मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे तिच्या रक्ताची एक वेगळी तपासणी झाली. त्या तपासणीचा निकाल ऐकायला आई, बाबा आणि मी गेलो. सोनल बाहेर बाकावर बसली होती. रोह्याची माणसं मला बघून जाऊन तेव्हा पंधरवडाही झाला नव्हता.

डॉक्टर बाई दक्षिणेकडच्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं. माझ्या आईबाबांना इंग्रजी येत नव्हतं. मधल्या खुर्चीवर मी बसले. बाबांच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि – हे लिहिताना मला कसंतरी होतं – थोडा अभिमानही होता. याच दिवसासाठी त्यांनी व्हॅनचे पैसे भरले होते ना?

बाई फार चांगल्या होत्या. सावकाश बोलल्या. आजाराचं नाव फॅन्कोनी ॲनिमिया, असं त्यांनी सांगितलं. मग संगणकावर एक चित्र दाखवलं. सोनलच्या पेशींमधली गुणसूत्रं. एका औषधाचे थेंब घातल्यावर ती जागोजागी तुटली होती, आणि तुटलेले तुकडे भलत्याच ठिकाणी एकमेकांना चिकटून चांदण्यांसारखे आकार झाले होते. निरोगी माणसाच्या रक्तात तेच थेंब घातले तर असं होत नाही, म्हणाल्या. प्रत्येकाच्या शरीरात हे धागे रोज तुटतात, आणि शरीर ते रोज जोडतं. हिच्या शरीराला जोडणं जमत नाही. म्हणून हाडांतला रक्त तयार करणारा मगज संपत चालला आहे. अंगठा, डाग, उंची – सगळं त्याच एका कारणानं, आईच्या पोटात असल्यापासून.

हे सगळं मी सांगितलं. खाडीच्या बांधाचा दाखला दिला, तो मला तिथेच सुचला. आपल्या बांधाला खेकडे रोज बिळं पाडतात, आणि आपण रोज चिखल थापून ती बुजवतो. बुजवली नाहीत तर एक दिवस मोठ्या भरतीला बांध फुटून खांड जाते आणि खारं पाणी शेतात शिरतं. सोनलच्या रक्तात बिळं बुजवायला कुणी येत नाही. बाबांनी मान हलवली. त्यांना लगेच समजलं. मला वाटलं, मी किती नीट सांगते आहे. खरंच नीट सांगत होते. एक वाक्य येईपर्यंत.

बाईंनी विचारलं, आईवडील एकमेकांच्या नात्यातले आहेत का? मी हो म्हणाले, मामाची मुलगी. त्यांनी मान डोलावली आणि एक कागद ओढून चित्र काढलं – दोन माणसं, दोघांच्या आत अर्धा काळा ठिपका. हा दोष आईकडून अर्धा आणि वडिलांकडून अर्धा येतो, त्या म्हणाल्या. दोघांच्या घराण्याचं रक्त एकच, म्हणून दोघांतही तो लपून होता. ज्याच्यात एकच भाग असतो त्याला काही होत नाही, त्याला तो कळतही नाही. दोन्ही भाग एकत्र आले तरच आजार. मग त्यांनी आईकडे पाहिलं – आई मान खाली घालून बसली होती – आणि त्या मला म्हणाल्या, आईंना सांग, गरोदरपणात त्यांनी काही केल्यामुळे किंवा न केल्यामुळे हे झालेलं नाही. हे नक्की सांग. आयांना फार वाटतं तसं.

आणि शेवटी, माझ्याकडे वळून – तुझ्यातही एक भाग असू शकतो. तुला त्याचा त्रास नाही, नात्याबाहेर लग्न केलंस तर मुलांनाही भीती फार थोडी. पण मूल होण्याआधी तपासून घे.

तेवढ्यात बाबांनी विचारलं, “कशामुळं झालं, काय म्हणतायत?”

मी कागदावरच्या त्या ठिपक्यांकडे पाहिलं. बाबांना वाटलं असेल, मी शब्द शोधते आहे. मी शब्द शोधत नव्हते, शब्द सगळे तयार होते. मला त्या क्षणी आमची ओटी दिसत होती, आणि ट्रेमधले कप. ग्रहणाचं असेल तर ते त्या एकीपुरतं. आणि रक्ताचं असेल तर? रक्ताचं असेल तर रोह्याची माणसं उठून जातील. आज तिथली, उद्या खांब गावची, परवा आणखी कुठली. फार थोडी भीती, हे शब्द कोण ऐकून घेईल? घराण्यात आहे म्हणतील, आणि संपलं.

माझं त्या मुलावर प्रेम जडलं होतं, असंही नाही. एकदाच पाहिलं होतं. मला फक्त त्या घरातून सुटायचं होतं – हिरड्यांतलं रक्त, आजीची बोलणी, आईची खाली गेलेली मान, सगळ्यापासून.

“सांगता येत नाही म्हणाल्या,” मी म्हटलं. “जन्मतःच आहे.”

आईनं मान आणखी खाली घातली. जन्मतः, म्हणजे तिच्याच पोटातलं. माझ्या शब्दांनी तिच्या काकडीवर डॉक्टरांचा शिक्का बसला, हे मला तिथेच कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणून मी सुटणार नाही.

निघताना बाईंनी मला विचारलं, आईंना नीट सांगितलंस ना, त्यांची चूक नाही म्हणून? मी इंग्रजीत हो म्हटलं. एकाच खोलीत, दोन भाषांत, मी दोनदा खोटं बोलले. आणि दोन्ही भाषा येणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं.

तुम्ही विचाराल, पुढे काय झालं? मगज बदलायचा उपाय होता. त्यासाठी माझं रक्त तपासलं, ते सोनलशी जुळलं नाही. हे खरं आहे, मी त्यात काही लपवलेलं नाही. बाहेर कुणाचं जुळतं का ते शोधणं सुरू झालं, आणि ते शोधणंच राहिलं. दरम्यान माझं लग्न झालं. मी रोह्याला आले. नवरा एमआयडीसीत कामाला, माणूस शांत. सासू प्रेमळ. दर दोन आठवड्यांनी मी गडबला जायचे, तिथून सोनलला रक्त चढवायला घेऊन जायचे. सगळे म्हणायचे, बहीण असावी तर अशी.

आणि ग्रहणं येत राहिली. पूर्वी आई इतर बायांसारखंच ग्रहण पाळायची, पाण्यात तुळशीचं पान टाकायची आणि झालं. मुंबईहून आल्यावर तिचं पाळणं बदललं. ग्रहण लागायच्या आधी ती विळी, सुरी, कात्री, सुईसुद्धा पेटीत घालून कुलूप लावायची. मग भिंतीला टेकून बसायची आणि दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवायची. ग्रहण सुटेपर्यंत तशीच. डास बसला तरी हात काढायची नाही. पोटात मूल नसलेली, केस पिकलेली बाई – कुणासाठी पाळत होती ती? एकदा मी विचारलं. ती म्हणाली, तेव्हा पाळलं नाय, आता तरी पाळते, पोरीला थोडं बरं वाटलं तर वाटलं.

मी तिच्या समोर बसले होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

सोनलला संशय होताच. रक्ताची पिशवी लावलेली असताना एका दुपारी ती छताकडे बघत म्हणाली, “ताई, काकडीनं असं होतं काय गो?”

मी म्हटलं, नाही.

“मग आईला सांग ना. मी सांगितलं तर म्हणतील, आईला वाचवते. तू डॉक्टरशी बोललीस, तुझं ऐकतील.”

मी म्हटलं, सांगते. तिनं माझ्याकडे पाहिलं – ती बघायची तेव्हा तिच्यापासून काही लपत नसे – आणि मग डोळे मिटून घेतले. पुन्हा तिनं हा विषय काढला नाही. मला वाटतं, ती मला वेळ देत होती. तिच्याकडे स्वतःसाठीच वेळ नव्हता, आणि त्यातला ती मला देत होती.

ती विसाव्या वर्षी गेली. रक्तस्राव थांबला नाही. भेटायला आलेल्या बायका आईजवळ बसून रडल्या, आणि उठून बाहेर गेल्यावर अंगणातल्या अंगणात पुन्हा तेच – बिचारीनं ग्रहण पाळलं असतं तर. आजी त्या वेळी थकलेली होती, तरी तिनं तेच सांगितलं, स्वतःच्या भावाच्या मुलीबद्दल. जे रक्त तिच्या माहेरातून दोन्ही बाजूंनी आलं होतं, त्याचा तिला पत्ता नव्हता. तो मला होता. मी चहाचे कप विसळत होते. पुढच्या वर्षी आजीही गेली, काही न कळता.

मला वाटलं होतं, आता आई तरी थांबेल. ज्या मुलीसाठी पाळायचं ती राहिली नाही. पण पुढचं ग्रहण आलं आणि आई पुन्हा भिंतीला टेकून, हात मांड्यांखाली घेऊन बसली. आता कुणासाठी, हे विचारायचा मला धीर झाला नाही. तिनंच सांगितलं. “तुझं व्हायचंय अजून.”

मी तपासणी करून घेतली नाही. करायची तर नवऱ्याला कारण सांगावं लागलं असतं. तुम्हाला यात मूर्खपणा दिसेल. इंग्लिश मीडियमची मुलगी, जिला गुणसूत्रांचं चित्र वाचता येतं. मला त्यात मूर्खपणा दिसत नाही. मला एकदा घातलेली कडी दिसते, जी उघडायची तर आतलं सगळंच दिसेल.

मला पाचवा महिना लागला, त्या थंडीत सकाळचं सूर्यग्रहण आलं. आई आदल्या दिवशीच एसटीनं रोह्याला आली. पिशवीत फक्त तुळशीची पानं आणि एक पातळ. सकाळी सासूच्या स्वयंपाकघरातून तिनं धारेची प्रत्येक वस्तू गोळा केली. सासूनंही हसत हसत साथ दिली, भाजी कालच चिरून ठेवली म्हणाली. मला आतल्या खोलीत पलंगावर सरळ झोपवलं. खिडकीला चादर लावली. उजेड हळूहळू विचित्र झाला, राखेसारखा. बाहेर रस्त्यावर कुणी नव्हतं. आई जमिनीवर माझ्या उशाशी बसली आणि तिनं हात मांड्यांखाली घेतले. सासू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

मग मला भूक लागली. खरंच लागली, पोटातल्या जिवाची भूक, थांबता न येणारी. मी न ठरवता म्हणाले, आई, भूक लागलीय गो.

आई चटकन उठायला गेली. गुडघ्यावर आलीसुद्धा. इतकी वर्षं झाली, तरी तिच्या अंगाला अजून तेच माहीत होतं – मूल भुकेलं की उठायचं. मग ती थांबली. परत खाली बसली, आणि हात पुन्हा मांड्यांखाली घातले, आधीपेक्षा खोल. तिच्या मनगटांवरच्या शिरा वर आल्या होत्या.

“सोस जरा,” ती म्हणाली. “माझ्यासारखं नको व्हायला.”

मी उठून बसले. ती नको नको म्हणत होती, पण हात काढत नव्हती. मी पलंगावरून उतरले, तिच्या समोर जमिनीवर बसले. सासू दारात होती, हे मला दिसत होतं. तिच्यासमोर बोलले की काय होईल, तेही मला ठाऊक होतं.

“आई, काकडीनं झालं नाय,” मी म्हणाले. “सोनलचा आजार रक्तातला होता. अर्धा तुझ्याकडून, अर्धा बाबांकडून, आजीच्या माहेरचा. माझ्यातही असेल, या पोटातल्यातही असेल. तुझं काही चुकलं नव्हतं. डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं होतं, तुला सांग म्हणून. मी सांगितलं नाही. माझं लग्न मोडेल म्हणून मी सांगितलं नाही.”